खानदेशचे गवत, तुर्कस्तानचा गुलाब

अंगाच्या साबणाच्या वेष्टनावर बारीक टायपात घटकद्रव्यांची यादी छापलेली असते. तिच्या शेवटाकडे ‘जिरेनिऑल’ हे नाव पुष्कळदा आढळते. फरशी पुसण्याच्या सुवासिक द्रवांत, तोंडाला लावायच्या क्रीममध्ये आणि डास दूर ठेवणाऱ्या मलमांतही ते असते. नाव वाचून कोणालाही वाटेल की हे द्रव्य जिरेनियमच्या झाडापासून काढलेले असावे. पण १८७१ साली ऑस्कर याकोब्सेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते प्रथम वेगळे काढले, तेव्हा त्याच्यासमोरच्या तेलात जिरेनियमचा अंशही नव्हता. ते एका गवताचे तेल होते. व्यापारात त्याला ‘ईस्ट इंडियन जिरेनियम तेल’ म्हणत, कधी ‘तुर्की जिरेनियम तेल’ही म्हणत. तुर्कस्तानात हे गवत उगवत नव्हते. ते उगवत होते सातपुड्याच्या उतारांवर, खानदेशात, निमाडात आणि वऱ्हाडात.

हे चुकीचे नाव कसे पडले आणि का टिकले, याचा माग काढताना वनस्पतिशास्त्र, ऊर्ध्वपातन, व्यापारातली लबाडी आणि अणूंचे वजन या सगळ्यांची गाठ पडते. हा माग काढण्याला आज एक वेगळे कारणही आहे. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ आणि ‘शुद्ध’ असे शब्द छापलेल्या इवल्याशा बाटल्या हल्ली चढ्या किमतीला मिळतात. त्या चेहऱ्याला लावायला आणि घर पुसायला सुचवल्या जातात. विद्यार्थी या दोन शब्दांचा अर्थ विचारतात. तो नीट सांगायचा तर या तेलाइतके चांगले उदाहरण आम्हाला दुसरे सुचत नाही.

आधी गवताची ओळख करून घेऊ. खानदेशात याला रोशा म्हणतात, विदर्भात तिखाडी. जुन्या वैद्यकग्रंथांतले रोहिष ते हेच, असे सामान्यतः मानतात. शास्त्रीय नाव सिम्बोपोगॉन मार्टिनी. परसात लावलेला गवती चहा याच प्रजातीकुळातला, म्हणजे रोशाचा सख्खा चुलतभाऊ. वाळाही दूरच्या नात्यातला. पुरुषभर किंवा त्याहून थोडे उंच वाढणारे हे बहुवर्षायू गवत पावसाळ्याच्या अखेरीस फुलोऱ्यावर येते आणि पुढे त्याचे तुरे तांबूस होत जातात. तेल असते ते मुख्यतः फुलोऱ्यात आणि पानांत. दांड्यात फारच थोडे. पान चुरगाळले की गुलाबासारखा पण जरासा तिखट वास येतो. तिखाडी हे नाव त्या तिखटपणावरून पडले असावे. सांधे दुखत असले की हे तेल चोळण्याची पद्धत आजही खेड्यांतून आहे.

नावातला ‘मार्टिनी’ म्हणजे जनरल क्लॉड मार्टिन. फ्रान्समधल्या लियाँचा हा माणूस ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात शिरला, लखनौत राहून गडगंज झाला आणि १८०० साली तिथेच वारला. लखनौ आणि कलकत्त्याच्या ला मार्टिनिएर शाळा त्याच्याच पैशातून निघाल्या. टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९० ते १७९२ च्या युद्धात तो फौजेबरोबर बालाघाटात होता. (हा बालाघाट म्हणजे मध्य प्रदेशातला जिल्हा नव्हे. पूर्व घाटांच्या माथ्यावरच्या दख्खनच्या पठाराला तेव्हा हे नाव होते.) तिथे त्याच्या लक्षात आले की गुरे एका उग्र वासाच्या गवतावर अधाशासारखी तुटून पडतात आणि मग त्यांच्या दुधालोण्यालाच काय, मांसालाही तो वास येतो. त्याने बी गोळा करून लखनौला नेले, पेरले आणि त्यातले काही विल्यम रॉक्सबर्गकडे कलकत्त्याला पाठवले. रॉक्सबर्गने गवताला मार्टिनचे नाव दिले. रॉक्सबर्गच्या मृत्यूनंतर, १८२० साली छापल्या गेलेल्या ‘फ्लोरा इंडिका’त ते आले. ज्या गुराख्यांनी आणि गाडीवानांनी हे गवत पिढ्यान्‌पिढ्या ओळखले होते, त्यांची नावे अर्थातच कुठे नाहीत.

खानदेशात या गवताचे तेल काढण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकात चांगलाच रुजलेला होता. नंदुरबार, शहादे, तळोदे, पिंपळनेर, अक्राणी हा त्याचा मुलूख. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये आणि त्यानंतर दहा वर्षांनी निघू लागलेल्या डायमॉक, वॉर्डन व हूपर यांच्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’त त्याची वर्णने सापडतात. भट्टी ओढ्याच्या काठी मांडत, कारण थंडाव्याला वाहते पाणी लागे. दगडांच्या चुलीवर लोखंडी हंडा, त्यात पाणी आणि कापलेल्या गवताच्या पेंढ्या. वर लाकडी झाकण आणि फटी बुजवायला उडदाच्या पिठाचा लेप. झाकणातून निघालेली पोकळ बांबूची नळी दुसऱ्या टोकाला तांब्याच्या भांड्यात शिरे आणि ते भांडे ओढ्याच्या पाण्यात बुडवलेले असे. वाफ नळीतून येऊन भांड्यात थंड होई. खाली पाणी, वर तेलाचा थर. हा थर अलगद काढून घेतला की झाले.

शिक्षकांनी वर्गात जरा थांबावे अशी ही जागा आहे. रोशाच्या तेलातला मुख्य घटक साधारण २३० अंश सेल्सिअसला उकळतो. हंड्यात पाणी असेतोवर तपमान १०० अंशांच्या वर जात नाही. मग तेल बाहेर येते कसे? एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव एकत्र तापवले तर प्रत्येकाची वाफ आपापला दाब स्वतंत्रपणे निर्माण करते. दोन्ही दाबांची बेरीज वातावरणाच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळू लागते, म्हणजे शंभर अंशांच्या किंचित अलीकडेच. त्या तपमानाला जिरेनिऑलच्या वाफेचा दाब पाऱ्याच्या सुमारे ६ मिलिमीटर इतकाच असतो, पाण्याचा ७५४. तुटपुंजा वाटतो खरा. पण जिरेनिऑलचा रेणुभार १५४ आणि पाण्याचा १८. गुणाकार-भागाकार केला तर दर १०० ग्रॅम पाण्याबरोबर सात ग्रॅमच्या आसपास तेल यायला हवे, असे उत्तर मिळते. प्रत्यक्षात तेल पानांच्या पेशींत अडकलेले असते, म्हणून त्यापेक्षा बरेच कमी येते. ओल्या गवताच्या शंभर किलोंतून अर्धा किलो तेल मिळाले तरी भट्टीवाला समाधानी असे. हा प्रयोग शाळेत गवती चहाच्या पानांवर करता येतो. चंबू, संघनक आणि दोन मुठी चिरलेली पाने एवढे पुरते. पाण्यावर तरंगणारी पिवळसर चकती दिसली की मुलांना वेगळे काही सांगावे लागत नाही.

गवत कापून आणण्याचे काम बहुतेक ठिकाणी भिल्लांचे. भट्टी मुसलमान तेलवाल्यांची. जंगल सरकारचे. १८७८ च्या वन कायद्यानंतर गवत तोडण्याचा हक्क लिलावाने मक्तेदाराला मिळू लागला आणि डोंगरात राहणाऱ्याच्या वाट्याला मजुरी तेवढी राहिली. तेल चामड्याच्या बुधल्यांत भरून, बैलांच्या पाठीवर लादून घाटवाटांनी खाली येई आणि सरतेशेवटी मुंबई बंदरात पोचे. निमाडकडचे म्हणून त्याला ‘नमार तेल’ असेही म्हणत.

मुंबईहून पुढचा प्रवास युरोपकडे थेट नव्हता. तेल तांबड्या समुद्रावरच्या बंदरांत जाई, तिथून अरब व्यापाऱ्यांच्या हातून इजिप्त आणि मग कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल. तिथे त्याला ‘इद्रिस याघी’ म्हणत. हे तेल तिथे मलमासाठी किंवा साबणासाठी जात नव्हते. आजच्या बल्गेरियातले काझानलिकचे खोरे तेव्हा तुर्की साम्राज्यात होते आणि जगाला गुलाबाचे अत्तर तिथून मिळे. एक किलो गुलाबतेलाला साधारण तीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात. इतक्या महागड्या मालात भेसळीचा मोह सुटला नाही तरच नवल. आधी रोशाचे तेल डिंकाच्या पाण्याबरोबर घुसळत, त्यात लिंबाचा रस घालत आणि उथळ भांड्यांत काही आठवडे उन्हात ठेवत. त्याचा तिखटपणा आणि रंग उतरे. मग ते गुलाबतेलात मिसळत. अधिक हुशार माणसे याहून पुढे जात. ती हे तेल भट्टीत घालण्यापूर्वीच पाकळ्यांवर शिंपडत. असे केले की बाहेर पडणारे अत्तर ‘भट्टीतून आपल्या डोळ्यांदेखत आलेले’ म्हणून विकता येई!

कॉन्स्टँटिनोपलहून युरोपात गेले म्हणून तुर्की, आणि वास गुलाबी जिरेनियमसारखा म्हणून जिरेनियम. असे ते दुहेरी खोटे नाव तयार झाले. खरे तर दुहेरीही नव्हे, तिहेरी. ज्याच्या पानांना गुलाबाचा वास येतो आणि ज्यापासून खरे ‘जिरेनियम तेल’ काढतात, ते झाड पेलार्गोनियम वंशातले. १७८९ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते जिरेनियमपासून वेगळे केले होते. माळ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी ते कधीच मनावर घेतले नाही.

आता याकोब्सेनकडे वळू. त्याने हे तेल निर्जल कॅल्शियम क्लोराईडबरोबर ठेवले. तेलातल्या मुख्य घटकाने त्या क्षाराशी स्फटिकरूप संयुग बनवले. बाकीचे तेल धुऊन काढले आणि स्फटिकांवर पाणी घातले तेव्हा तो घटक सुटा झाला. त्याचे सूत्र दहा कार्बन, अठरा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असे निघाले. तो एक अल्कोहोल होता. तेलाच्या बाजारी नावावरून त्याचे नाव पडले जिरेनिऑल. ‘अल्कोहोल सुकवायला कॅल्शियम क्लोराईड वापरू नये’ हा नियम बारावीचे विद्यार्थी पाठ करतात. त्यामागचे कारण आणि जिरेनिऑलच्या शोधामागची युक्ती एकच आहे. पुढे १८९० पासूनच्या काही वर्षांत सेमलर आणि टीमान यांनी या रेणूची सरळ साखळीसारखी रचना उलगडली आणि ऑक्सिडीकरणाने त्यापासून सिट्रल मिळते हे दाखवले. सिट्रल म्हणजे गवती चहाचा वास. दोन चुलत गवतांच्या वासांत दोन हायड्रोजन अणूंचाच काय तो फरक.

पण खळबळ झाली ती दुसऱ्याच गोष्टीने. गुलाबाच्या खऱ्या तेलाचे पृथक्करण झाले तेव्हा त्यातही जिरेनिऑल सापडले, त्याच्या जोडीला त्याचाच भाऊबंद सिट्रोनेलॉल. म्हणजे तुर्की व्यापारी इतकी वर्षे गुलाबात जे घालत होते, ते गुलाबात मुळातच होते! काझानलिकच्या भेसळ करणाऱ्यांच्या नाकाने रसायनशास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी हे ओळखले होते. नाक फसले याचे कारण नाक चुकले नव्हते. रेणू खरोखरच तोच होता. गुलाबाला त्याचे गुलाबपण देणारे बारकावे मात्र अत्यल्प प्रमाणातल्या दुसऱ्या द्रव्यांतून येतात. त्यांतले डॅमॅसेनोन नावाचे एक द्रव्य १९७० च्या सुमारास हाती लागले. तोवर व्यापाऱ्यांची भिस्त थंडीवर होती. गुलाबतेलात मेणासारखे पदार्थ असतात, त्यामुळे ते वीस अंशांच्या जवळपास गोठू लागते. रोशा मिसळला की गोठणबिंदू खाली येतो. यावर भेसळवाल्यांनी तोडगा काढला, व्हेल माशाच्या डोक्यातले मेण थोडेसे घालायचे. चाचणी आणि चकवा यांची ही शर्यत पुढे शंभर वर्षे चालली.

इकडे खानदेशात वेगळाच प्रश्न होता. एकाच डोंगरातून कापलेल्या गवतापासून कधी गोड गुलाबी वासाचे तेल निघे, कधी आल्यासारख्या उग्र वासाचे. पहिल्याला मोतिया म्हणत, दुसऱ्याला सोफिया. भावात मोठा फरक. लंडनच्या बाजारात पहिले ‘पामारोझा’ आणि दुसरे ‘जिंजरग्रास’ या नावांनी विकले जाई. डायमॉकच्या ग्रंथात याची उपपत्ती अशी नोंदली गेली की गवत एकच आहे. फुलोरा कोवळा, निळसर असेतो मोतिया आणि पिकून लाल झाला की सोफिया. पुस्तकात छापले गेले म्हणून ते पुढच्या पुस्तकांतही गेले. १९०६ साली क्यू येथील ओटो स्टाप्फ यांनी भारत आणि सिलोनमधल्या तेलगवतांचा मोठा आढावा घेऊन नावांचा गुंता बराचसा सोडवला. कलकत्त्याच्या आय. एच. बर्किल यांनी १९०९ मध्ये दाखवले की मोतिया आणि सोफिया हे एकाच जातीचे दोन वेगळे वाण आहेत. वयाचा त्यात संबंध नाही. वाळवलेल्या नमुन्यांवरून ते ओळखणे जवळपास अशक्य. उभ्या गवतात मात्र जाणत्याला फरक कळतो. मोतियाची पाने दांड्यापासून जवळजवळ काटकोनात फाकतात आणि रंगाला फिकट निळसर असतात. सोफियाची पाने दांड्याला लगटून तिरपी वर जातात आणि गडद हिरवी असतात. नंतरच्या काळात गुणसूत्रे मोजली गेली, तेव्हा मोतियात सामान्यतः २० आणि सोफियात ४० आढळली. मोतियाच्या तेलात ७५ ते ९५ टक्क्यांपर्यंत जिरेनिऑल असते. सोफियाच्या तेलात ते बरेच कमी, आणि लिमोनीन, पेरिलाइल अल्कोहोल अशी इतर मंडळी जास्त.

म्हणजे ‘शुद्ध रोशा तेल’ या शब्दांनाही अर्थ नाही, कोणता रोशा ते सांगितल्याखेरीज. दोन्ही तेले नैसर्गिक, दोन्हींत बाहेरचे काही नाही, आणि तरी मोतियात सोफियाच्या दहा पेंढ्या पडल्या की मालाचा भाव उतरे. कापणाऱ्याच्या डोळ्यावर सारे अवलंबून होते. आम्हा प्रयोगशाळेतल्या लोकांना ही गोष्ट अधूनमधून आठवलेली बरी.

रोशाने गुलाबाला फसवले, तसे रोशालाही फसवणारे होतेच. त्यात रॉकेल, टर्पेंटाइन, भुईमुगाचे तेल असे जे स्वस्त सापडेल ते घालत. त्यावरच्या दोन चाचण्या अगदी सोप्या आहेत. टिपकागदावर एक थेंब टाकून उन्हात ठेवावा. सुगंधी तेल उडून जाते, खाद्यतेल असेल तर तुपकट डाग मागे राहतो. दुसरी चाचणी सत्तर टक्के अल्कोहोलची. चांगले रोशा तेल तिप्पट आकारमानाच्या अशा अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळून स्वच्छ द्रावण होते. रॉकेल किंवा भुईमुगाचे तेल असेल तर ते गढूळ होते किंवा थर वेगळा पडतो. जिरेनिऑलच्या रेणूला एक हायड्रॉक्सिल गट असतो आणि रॉकेलच्या रेणूंना नसतो, एवढ्यावर ही चाचणी उभी आहे. वर्गात करायची तर जवळपास ज्योत नसावी.

विसाव्या शतकात रोशाला नवे गिऱ्हाईक मिळाले ते साबणाचे. गुलाबी वास देणारी पुष्कळ द्रव्ये साबणातल्या अल्कलीत टिकत नाहीत. एस्टर असतील तर त्यांचे तुकडे होतात. जिरेनिऑल हा अल्कोहोल असल्याने टिकतो. त्यामुळे गुलाबी साबणांत हे तेल सर्रास जाऊ लागले. त्याच काळात स्पर्धकही आले. जावाच्या सिट्रोनेला गवतापासून जिरेनिऑल स्वस्तात मिळू लागले. महायुद्धानंतर अमेरिकेत पाइनच्या टर्पेंटाइनपासून ते बनवण्याची पद्धत बसली आणि पुढे खनिज तेलातल्या द्रव्यांपासूनही सिट्रल-जिरेनिऑल टनावारी तयार होऊ लागले. जंगलातल्या भट्ट्या मागे पडल्या. रोशा शेतात आला. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने, म्हणजे सीमॅपने, ‘तृष्णा’ आणि ‘पीआरसी-१’ यांसारखे मोतियाचे निवडक वाण काढले. कोरडवाहू, हलक्या जमिनीवर ते येतात आणि एकदा लावले की काही वर्षे कापण्या देतात.

डोंगरातल्या गवताचे काय? १९२७ च्या वन कायद्यातही ते सरकारी वनोपजच राहिले. २००६ च्या वनहक्क कायद्याने बिगरलाकडी वनोपजावर गावाची मालकी मान्य केली. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेने स्वतः देण्याचा मार्ग मोकळा झाला. बांबूला जे लागू, ते तिखाडीलाही लागू. फक्त बांबू मोजून विकता येतो. तेल विकायचे तर मोतिया कोणता, सोफिया कोणता हे गावातच कोणाला तरी कळावे लागते. तसे झाले नाही, तर भाव पुन्हा बाहेरचा माणूस ठरवणार.

काझानलिकची शर्यत कुठवर आली, तेही सांगायला हवे. आज जिरेनिऑल गवताचे की कारखान्याचे, हे ओळखायला कार्बन तपासतात. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये किरणोत्सारी कार्बन-१४ अत्यल्प प्रमाणात असतो आणि जिवंत वनस्पती तो सतत घेत राहते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या माजरीच्या खाणीतून निघणारा कोळसा हाही एके काळी झाडच होता. पण त्याला पंचवीस कोटींहून अधिक वर्षे झाली, आणि कार्बन-१४ दर ५७३० वर्षांनी निम्मा होतो. त्या कोळशात त्याचा मागमूस उरलेला नाही. खनिज तेलाचेही तेच. म्हणून खनिज तेलापासून बनवलेले जिरेनिऑल लगेच पकडले जाते. टर्पेंटाइनपासूनचे मात्र या चाळणीतून निसटते, कारण पाइन हे आजचेच झाड.

तिथे उपयोगी पडतो दुसरा समस्थानिक, कार्बन-१३. निसर्गातल्या कार्बनचा सुमारे १.१ टक्का भाग हा जड कार्बन असतो. गुलाब, पाइन, भात, गहू या वनस्पती प्रकाशसंश्लेषणात जड कार्बन बराचसा टाळतात. ज्वारी, मका, ऊस आणि रोशा वेगळ्या वाटेने, म्हणजे सी-४ मार्गाने, अन्न बनवतात. ही वाट १९६० च्या दशकात उलगडली. त्यांच्यात जड कार्बन तितका टाळला जात नाही. प्रमाणित नमुन्याशी तुलना केली तर पहिल्या गटात जड कार्बनची तूट हजारी २७ च्या आसपास असते, दुसऱ्यात हजारी १२ च्या. रेणू एकच, वास एकच, पण अणूंचे वजन कणभर निराळे. गुलाबतेलातला जिरेनिऑल वेगळा काढून त्याचा कार्बन तोलला की तो फुलातून आला की गवतातून, ते कळते. पाकळ्यांवर तेल शिंपडण्याची युक्ती यापुढे चालत नाही.

आता चेहरा आणि फरशी. कातडीला किंवा जंतूंना जिरेनिऑलचा उगम कळत नाही. त्यांची गाठ रेणूशी असते. गवतातले आणि कारखान्यातले जिरेनिऑल त्यांच्या लेखी एकच. प्रयोगशाळेत हे तेल अनेक जिवाणूंची आणि बुरशींची वाढ रोखते, हे खरे. पण किती असताना? दहा लिटरच्या बादलीत दहा थेंब टाकले, तर वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरून ते ०.००५ टक्के झाले. वाढ रोखायला सामान्यतः याच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त लागते. शिवाय तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगत राहते. घर सुवासिक होईल, डासमाश्यांना वास नकोसा होईल. मळ निघतो तो साबणाने आणि घासण्याने.

कातडीच्या बाबतीत अधिक जपायला हवे. काही लोकांना जिरेनिऑलची ॲलर्जी येते. युरोपीय संघाने २००३ साली ज्या २६ सुगंधी द्रव्यांची नावे वेष्टनावर छापणे सक्तीचे केले, त्यांत ते आहे. धुऊन न टाकायच्या प्रसाधनांत ०.००१ टक्क्यापेक्षा आणि धुऊन टाकायच्या प्रसाधनांत ०.०१ टक्क्यापेक्षा जास्त असेल तर ते लिहावे लागते. साबणावरच्या त्या बारीक यादीत ते दिसते, त्यामागे हे कारण आहे. यादीने नैसर्गिक-कृत्रिम असा भेद केलेला नाही. ताजे जिरेनिऑल तसे सौम्य असते. हवेशी संबंध येऊन त्याचे ऑक्सिडीकरण झाले की बनणारे पदार्थ अधिक त्रासदायक ठरतात. तेव्हा हे तेल कातडीवर निखळ लावू नये. ते खोबरेल किंवा तिळाच्या तेलात शंभराला एक इतके पातळ करावे, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहावी, आणि बाटली गडद काचेची, घट्ट बुचाची, सावलीत ठेवलेली असावी. तळाशी उरलेले, वर्षभर अर्ध्या रिकाम्या बाटलीत राहिलेले तेल तोंडाला लावण्याऐवजी फरशीच्या बादलीत ओतावे.